मैना पाण्यात उतरेना

जनावरांचा डॉक्टर म्हणून सोलापूर जिल्ह्यात मी उभी हयात घालवली आणि घोड्याला शेवटपर्यंत घाबरत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला शूर समजायला नको. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून पारडं ओढून काढलं आहे. रेड्याने मला गोठ्याच्या भिंतीला चेपलं आहे, एका बोकडाने चष्मा फोडला आहे, कुत्री किती चावली ते विचारू नका. त्याचं काही वाटलं नाही. पण दवाखान्याच्या फाटकातून घोडं आत येताना दिसलं की मी दोन पावलं मागे सरायचो.

याला कारण आहे. कॉलेजात असताना घोड्याचा मागचा खूर कसा उचलावा हे सर आम्हाला दाखवत होते. माझ्या शेजारचा मुलगा नीट दिसावं म्हणून पाऊलभर पुढे सरकला. लाथ कधी बसली ते कोणाला दिसलंच नाही, फक्त आवाज आला. त्याचा जबडा तारांनी बांधून ठेवावा लागला. पुढच्या वर्षी तो बँकेची परीक्षा देऊन आमच्यातून गेला आणि सुखी झाला. मी राहिलो.

नव्या नोकरीत दुधनीकडे होतो तेव्हा आमचा शिपाई कानडी बोलणारा होता. फाटकाबाहेर टापा वाजल्या की तो मुद्दाम मोठ्याने ओरडायचा, ‘‘सायेब, कुदुरी बंतु!’’ म्हणजे घोडं आलं. मी तडक औषधांच्या खोलीत शिरायचो आणि समोर असलेली बाटली बराच वेळ शोधायचो. तोपर्यंत शिपाई घोड्याला झाडाशी आखूड बांधून, मालकाला तोंडाशी उभा करून ठेवायचा. या उपकाराबद्दल त्याने मला कधी टोमणा मारला नाही, हसला मात्र भरपूर.

तसं पाहिलं तर सरकारी दवाखान्यात घोडी येतात किती? टांगे गेले. उरल्या त्या वरातीच्या घोड्या आणि मेंढपाळांची तट्टं. या तट्टांविषयी शहरातल्या लोकांना फारशी माहिती नसते. दिवाळी झाली की मेंढरांचे कळप उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावांत उतरतात. शेतकरी रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवून घेतो, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. एक रान झालं की पुढचं. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत जातात आणि अख्खा संसार घोडीवर लादून पुढचा तळ टाकायचं काम बायकांचं. भांडी, वाकळा, कोंबड्यांची डालगी, त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू, सगळं घोडीच्या पाठीवर. घोडी लंगडली की घरच जागेवर बसतं.

माझी शेवटची बदली अशाच एका पाण्याकाठच्या गावाला झाली होती. डिसेंबर चालू होता. सोलापूरला थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्याने पहाटे उजनीच्या काठाला एकदा उभं राहून बघावं. एके दिवशी सकाळी दवाखाना उघडतो तोच पायरीवर एक बाई बसलेली. चाळिशी उलटलेली, हातात काठी, पायाशी काळं कुत्रं. बरोबर जनावर नव्हतं.

‘‘घोडीचा पाय गेला सायेब,’’ ती म्हणाली. ‘‘उसाची ट्राली आली गानी वाजवत. बुजली, आन् पायपाच्या चारीत पाय गेला. आता टेकवंना.’’

तिचं नाव सुंदराबाई. घोडीचं नाव मैना. मी मोटारसायकल काढली. कुत्रं आमच्या मागे धावत आलं, त्याला काळू म्हणायचे.

तळावर मैना बाभळीला बांधलेली होती. पुढचा उजवा पाय नुसता टोकावर टेकून उभी. मी खांद्याच्या बाजूने, पोटाला पोट लावून, म्हणजे लाथेच्या टापूबाहेर राहून गेलो आणि श्वास रोखून हात खाली नेला. घोड्याला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कातडं आणि हाडामागे दोरीसारखी ताणलेली जाड शीर, तिला आम्ही कंडरा म्हणतो. घोड्याचं सगळं ओझं धावताना त्या दोरीवर येतं. मैनेची दोरी केळ्यासारखी बाहेरच्या अंगाला फुगली होती आणि हाताला चटका बसावा इतकी गरम होती. जखम नव्हती, हाड शाबूत होतं. एवढं बघून मी पटकन मागे झालो आणि तेव्हा चुलीकडे लक्ष गेलं. निखाऱ्यांत विळा लाल होत होता.

‘‘हा कशाला?’’

‘‘डागायला. तुमी न्हाय आला तर मीच डागणार हुते.’’

ताज्या सुजेवर शेक, बिब्बा किंवा डाग म्हणजे जळत्या घरात रॉकेल. आतल्या बारीक नसा फुटून रक्त झिरपत असतं, उष्णतेने ते आणखी झिरपतं आणि दोरीचे धागे एकमेकांपासून सुटतात. पहिले काही दिवस तिथे थंडच पाहिजे, गार पाण्यात पाय आणि विश्रांती. सूज उतरायचं इंजेक्शन मी दिलं, पण त्याचा एक धोका असतो. दुखणं थांबलं की घोडं पाय वापरायला लागतं आणि राहिलेली दोरी तोडून घेतं. म्हणून गार पाणीच खरं. हे सगळं मी सुंदराबाईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विळा काढला नाही.

‘‘थंडीत गार पानी?’’ ती म्हणाली. ‘‘मानसाला थंडी वाजली तर तुमी गोधडी घ्या म्हनता, आन् हिला पान्यात उबी करायची? वारं भरंल की तिला.’’

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, बिरूचा फोन आला. तो मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडच्या गावात पुढे गेला होता. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

‘‘आवसंला तळ हलनार,’’ बिरू म्हणाला. ‘‘तवर चालली तर घिऊन ये. न्हायतर सोड तितंच. किती दिस बसायचं एका घोडीपायी?’’

सुंदराबाईने फोन बंद केला. ती उसाकडे बघत राहिली. त्या हिवाळ्यात गावात बिबट्या आला होता. बांधलेली शेळी गेली होती, एकाचं वासरू गेलं होतं, दिवस मावळला की रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. तळाला तिन्ही बाजूंनी ऊस होता. लंगडी घोडी तिथे सोडायची म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही समजलं.

तिने विळा निखाऱ्यातून काढून राखेत टाकला. ‘‘कुटं घालायचं पान्यात, सांगा,’’ ती म्हणाली.

आधी आम्ही बोअरचं पाणी आणलं. हिवाळ्यात बोअरचं पाणी कोमट येतं, हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं, त्या दिवशी खटकलं. पायावर ओतलं तर वाफ निघाली. तळावर दोन घागरी आणि एक पातेलं, साठवून गार करायचं कशात? पाणी गार आणि हवं तेवढं होतं ते एकाच जागी. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला आम्ही मैनेला पावलापावलाने उजनीच्या काठाला नेलं.

तो काठ कसा असतो ते सांगायला हवं. नदीचा घाट वगैरे काही नाही. उतरता चिखल, त्यात बुडालेल्या बाभळींची खोडं आणि शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली. काळ्या, निळ्या, जाड, बारीक, पाण्यात गेलेल्या, पाण्यातून आलेल्या, कुठे जोड दिलेल्या, त्या जोडांवर प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या. जसजसं पाणी मागे हटतं तसतशी मोटार पुढे सरकवायची आणि केबल जोडून लांब करायची. सगळ्या गावाचा ऊस आणि केळी त्या केबलींवर उभी असतात. तिथे राहणाऱ्या माणसाला त्या दिसेनाशा होतात.

मैना पहिल्या दिवशी सहज उतरली. गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि डोळे अर्धे मिटले. गार लागून ठणका थांबला असणार. सुंदराबाईने स्वतःची वाकळ तिच्या पाठीवर टाकली होती आणि स्वतः कुडकुडत तिच्या तोंडाशी पाण्यात उभी होती. मी काठावर. डॉक्टरने काठावरून लक्ष ठेवायचं असतं असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दोरीची गरमी कमी झाली, बोट दाबलं तर खळगा पडायला लागला. मैनेने खूर पुरता टेकवला. परत येताना सुंदराबाई पहिल्यांदा हसली. ‘‘तुमी लांबूनच बरे डाक्टर हाय की,’’ ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मैना पाण्यात उतरेना.

काठापर्यंत नीट आली. पुढचा खूर ओल्या चिखलात टेकवला आणि झटक्याने उचलून मागे घेतला. कान पाडले, नाकपुड्या फुगल्या, अंगावरचं कातडं थरथरायला लागलं. सुंदराबाईने चुचकारलं, दोर ओढला. मैना आणखी मागे सरली.

‘‘काल तर गुमान उतरली. आज काय झालं हिला?’’ ती वैतागली. ‘‘थंडीला भिली बगा. सायेब, तुमी मागनं जरा काठी दावा. मी म्होरं हुते.’’ आणि तिने लुगडं गुडघ्यावर खोचलं.

दुसरा कोणी डॉक्टर असता तर त्याने काठी दाखवली असती. दिवस मोजके होते, अमावास्या जवळ आली होती, पाय सुधारत होता. पण कान पाडलेल्या घोड्याच्या मागे जायचं म्हटल्यावर माझे पाय जागचे हलेनात. मला तो जबड्याचा आवाज आठवला. मी म्हणालो, ‘‘थांबा जरा, तिला निवू द्या.’’ मला घोडीचं काही समजलं होतं म्हणून नव्हे. मला भीती वाटत होती म्हणून.

आम्ही थांबलो. काळूला थांबायचं कारण नव्हतं. तो आमच्यामधून धावत गेला आणि पाणी प्यायला तोंड घालतो तोच कोणीतरी उचलून आपटावं तसा आडवा झाला. ओरडलाही नाही नीट. वीतभर पाण्यात पडून ताठ पायांनी थरथरायला लागला.

‘‘काळ्या!’’ म्हणून सुंदराबाई धावली. पाण्यात पडलेल्या जिवाला माणूस हात देतो, त्यात विचार नसतो. तिचं पाऊल पाण्यावर पडणार तेवढ्यात मी तिला दंडाला धरून मागे खेचलं. दोघंही चिखलात पडलो. ती माझ्या अंगावर ओरडत होती, ‘‘सोडा मला, बुडतंय ते, सोडा!’’ मी परक्या बाईचा दंड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो आणि एवढंच म्हणत होतो, ‘‘करंट आहे, बाई, करंट आहे.’’

शेतीची वीज आठवडाभर रात्री आणि आठवडाभर दिवसा मिळते. त्या सकाळी पाळी बदलली होती. पहिले दोन दिवस मैना पाण्यात होती तेव्हा केबली मेलेल्या होत्या. आता काठावरच्या सगळ्या मोटारी घुमत होत्या. तो आवाज मी आल्यापासून ऐकत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या बुटाला काही लागलं नव्हतं. मैनेच्या लोखंडी नालेला लागलं होतं.

काळू आमच्यापासून दोन हातांवर होता. सुंदराबाईची काठीही चिखलाने ओली झाली होती, ती पुढे करायची माझी हिंमत झाली नाही. आयुष्यभर जनावरांना हात लावायचा पगार घेतला आणि ते एक जनावर मी हात बांधून मरताना बघितलं. थरथर थांबली. मग पाण्याच्या छोट्या लाटा त्याला हळूहळू हलवत राहिल्या. सुंदराबाई ओरडायची थांबली. मैना दोर तुटेपर्यंत मागे गेली होती आणि उसाच्या कडेला उभी राहून फुरफुरत होती. लंगडत्या पायाने, पण चारही खूर जमिनीवर टेकवून.

मी फोन करून गावातल्या वायरमनकडून लाइन बंद करवली. जवळचे शेतकरी जमले. तिथे तीन केबली एकमेकींत गुंतल्या होत्या. प्रत्येक जण आपली केबल नवी असल्याचं सांगत होता. एक आजोबा होते, त्यांनी काही न बोलता आपली केबल ओढून काढली आणि जोडावरची फाटकी पिशवी बघून तिथेच मटकन बसले. ‘‘माजा नातू हितंच पोहतो,’’ ते म्हणाले.  केबली दुरुस्त झाल्या. त्या गावच्या काठाच्या, एवढंच. बाकीच्या काठांचं मला माहीत नाही, आणि हिवाळा आला की अजून त्याचा विचार येतो.

सुंदराबाईने काळूला बाभळीखाली पुरलं. केबली दुरुस्त झाल्यात, पाणी सुरक्षित आहे, उद्या मैनेला न्यायला हरकत नाही असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. ‘‘तुमी उतरताल?’’ तिने विचारलं. मी तळावरचं एक रिकामं पोतं उचललं आणि त्याच्या पट्ट्या फाडायला बसलो.

मग गोणपाटं. पोत्याच्या पट्ट्या भिजवून उघड्या वाऱ्यावर टांगायच्या, चांगल्या गार झाल्या की पायाला गुंडाळायच्या, कोमट होताच बदलायच्या. दोन्ही घागरी रात्रभर उघड्यावर ठेवायच्या आणि पहाटे त्यांची धार पायावर सोडायची. पाण्यात उभं करण्याची सर त्याला नाही. पट्टी बदलायला घोडीच्या पुढ्यात खाली बसावं लागतं आणि सुंदराबाईचे हात त्या दिवसापासून इतके कापत होते की तिला गाठ मारता येईना. त्यामुळे बसलो मीच. डोक्यावर घोडीचा श्वास, कानाशी तिचा गुडघा. प्रत्येक पट्टीला घाम फुटत होता. उसात काही सळसळलं की मैना दचकायची, आणि तिच्याआधी मी.

‘‘सायेब, तुमी तिला भेता व्हय?’’ सुंदराबाईने एकदा विचारलं.

‘‘लई,’’ मी म्हणालो.

‘‘मग कशाला बसता?’’

मी पट्टीची गाठ आवळली. आता वाटतं, अमावास्या म्हटली की मला उसातल्या त्या बिबट्याचे डोळे दिसत होते. एक जीव नुकताच हातचा गेला होता. दुसरा जाऊ द्यायचा नव्हता.

अमावास्येच्या सकाळी सूज पुरती गेली नव्हती, पण मैना चालली. मान वरखाली करत, जपून, पण चालली. तिच्या पाठीवर मी काही लादू दिलं नाही. सामान आजोबांच्या बैलगाडीतून रस्त्याने पुढे गेलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, म्हणून मैनेला आम्ही रानातून नेलं. मी ओढ्यापर्यंत सोबत गेलो. पलीकडे बिरू मेंढरं घेऊन उभा होता, काठीवर हनुवटी टेकून घोडीच्या चालीकडे बघत.

ओढा घोट्याएवढा. तळाचे खडे दिसत होते. मैलभरात मोटार नव्हती, तार नव्हती. मैना काठाशी आली, पाणी बघितलं आणि थांबली. कान पाडले. कातडं थरथरायला लागलं.

‘‘आन की तिला,’’ पलीकडून बिरू म्हणाला. ‘‘का न्हाय यायची?’’

सुंदराबाईचा चेहरा उतरला. पाय चालता झाला होता आणि घोडी अलीकडेच राहणार होती. ती दोर ओढेना. खाली बसली, तापल्या तव्याला लावावा तसा हाताचा पालथा भाग पाण्याला लावला आणि झटकन काढला. पुन्हा लावला. मग उठली आणि पाण्यात गेली. एक पाऊल टाकून थांबली, तिच्या खांद्यांत शिरलेली धास्ती मला मागून दिसत होती. ओढ्याच्या मध्यावर जाऊन ती घोडीकडे पाठ करून उभी राहिली, दोर सैल सोडून. पाणी तिच्या घोट्यांभोवती वाहत होतं.

बऱ्याच वेळाने मैनेने खूर पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि मग चारही पायांनी थरथरत पाण्यात उतरून बाईच्या पाठीला नाक लावलं. दोघी तशाच पलीकडे गेल्या. बिरूने खाली बसून त्या पायावरून हात फिरवला आणि दोर आपल्या हातात घेतला.

पलीकडे तीन दगडांवर चहा उकळत होता. सुंदराबाईने वळून हाक मारली, ‘‘या की सायेब, च्या घिऊन जावा.’’

मी पाण्याकडे बघितलं. स्वच्छ, घोट्याएवढं पाणी, ज्यातून आत्ताच एक बाई आणि एक घोडी गेली होती. मी बूट काढले, हातात घेतले आणि तसाच उभा राहिलो.

‘‘दवाखाना उघडायचाय,’’ मी म्हणालो आणि माघारी फिरलो. तो रविवार होता.